उन्हातला डबा

आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाची चिटणीस माझ्या नातीच्या वयाची आहे. गेल्या महिन्यात ती घरी आली आणि दारात चपला काढता काढताच म्हणाली, "काका, स्मरणिका निघतेय. ती डब्याची गोष्ट तर पाहिजेच. आणि सोबत दोन-तीन पानं लिहून द्या ना, कच्च्या कल्पनेची पक्की कथा कशी बनते त्यावर. आमच्यातले चार जण लिहायला लागलेत, त्यांना गाइडन्स होईल."

"आधी बस तरी," मी म्हणालो.

"बसते ना. पण पहले हो म्हणा."

मी हो म्हटलं. ती चहा पिऊन गेली आणि मी कागद घेऊन बसलो. कथा कशी बनते यावर मी मंडळात दोन भाषणं ठोकलेली आहेत, त्यामुळे पानभर मजकूर सहज उतरला. तो मी फाडला. ही एक कथा कशी बनली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेच या पानांत लिहितो आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. भोपाळला कारखान्यात लागलो तेव्हा टाउनशिपमधली झाडं माझ्या कमरेएवढी होती. नोकरी इन्स्पेक्शन विभागात. एका हातात ड्रॉइंग, दुसऱ्या हातात गेज, समोर आलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, मापात आहे की नाही ते पाहायचं. मापात नसलेला प्रत्येक जॉब काही भंगारात जात नाही. पुष्कळदा थोडा फरक चालतो. पण मग डेव्हिएशन स्लिप भरावी लागते. ड्रॉइंगमध्ये काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, हे लिहून खाली सही. ती चिठ्ठी जॉबबरोबर शेवटपर्यंत जाते. स्लिप न भरता जॉब पुढे ढकलणाऱ्याला मी तीस वर्षांत कधी सोडलं नाही. कडक माणूस म्हणून माझी ख्याती होती.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरचे एक गृहस्थ राहत. राजधानी हलली तेव्हा त्यांचे थोरले भाऊ सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि शिवाजी नगरात स्थिरावले. त्यांच्या मागोमाग हे आले आणि कारखान्यात वाइंडिंगला लागले. तांब्याच्या कॉइलवर हाताने टेप गुंडाळण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं. बायको लवकर गेली. मुलगाही कारखान्यातच लागला आणि त्याचं लग्न होऊन वर्ध्याची सून घरात आली. मग हे निवृत्त झाले. आमच्याकडे बाप निवृत्त झाला आणि मुलगा कारखान्यात असला, की क्वार्टर मुलाच्या नावावर करून घेत. तसं त्यांचंही झालं. फाटकावरच्या पाटीवर मुलाचं नाव आलं.

दोन-तीन महिन्यांनी टाउनशिपमध्ये कुजबुज सुरू झाली. म्हातारा रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि गेटच्या रस्त्यावरच्या पुलियावर दिवसभर बसून राहतो. पुलिया म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल. शेजारी कडुनिंब, पण त्याची सावली दुपारी कठड्यावरून सरकून नाल्यात जायची. येणारे-जाणारे बघायचे. क्वार्टर नावावर होताच पोरीनं सासऱ्याला बाहेर बसवलं, असं बायका दुधाच्या बूथवर बोलायच्या.

मी एकदा दाढेसाठी रजा घेतली होती. दवाखान्यातून परतताना ते दिसले. अंगात कारखान्याचाच खाकी शर्ट, शेजारी तीन पुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. डब्याची कडी तुटलेली होती आणि तिचं काम सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा ताणून भागवलं होतं. मी सायकल थांबवली.

"बसा ना जी," ते म्हणाले. "गाल सुजला तुमचा."

"दाढ काढली. पण तुम्ही इथे? रिटायर झालात ना?"

"झालो ना बाप्पा. शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. वेळ पाहायला घड्याळ दिलं, जायला जागा नाही दिली."

मला हसता येत नव्हतं, ते मात्र पोटभर हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. निवृत्तीनंतर पहिल्या दिवशी भोंगा वाजला आणि ते जागचे उठून उभे राहिले. जायचं कुठे हे कळेना, म्हणून पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"सुनेनं तीन दिवस पाहिलं," ते म्हणाले. "चौथ्या दिवशी डबा भरून हातात दिला. म्हणाली, बाबा, जा तुम्ही. एक वाजता जेवा, साडेचारला घरी या. मी म्हटलं, अगं, कुठं जाऊ? तर म्हणे, ते मला काहून विचारता? तुम्ही घर सोडून रोज कुठंतरी जात होते, तसेच जा."

मी ऐकत राहिलो. माझ्यातला लिहिणारा जागा झाला होता, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"तुम्ही गोष्टी लिहिता म्हणे."

"अधूनमधून."

"मग ही लिहा. मला येडा म्हणा, काहीही म्हणा, चालते. पण सुनेचं नीट लिहा. लोक तिला नावं ठेवतात, मला ऐकू येते ना. मी सांगायला गेलो तर म्हणतात, म्हातारा घाबरून बोलते. तुमची गोष्ट सगळे ऐकतात."

"नीट लिहितो," मी म्हणालो. माझे शब्द हेच होते.

घरी येऊन वहीत दोन ओळी टिपल्या. निवृत्त माणूस रोज कामावर निघतो. डबा सून भरून देते, कारण तिला एकटीलाच कळलंय. कल्पना म्हणून यात काही कमी होतं असं मला आजही वाटत नाही. आठवड्यात पहिला खर्डा झाला. जसं घडलं तसं लिहिलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ऐकून बरं वाटलं."

मला ते "बरं" लागलं. मला बऱ्यापेक्षा जास्त हवं होतं.

रविवारी मंडळाच्या वाचनालयात आम्ही लिहिणारे तिघं जमायचो. त्यातले एक हिशेब खात्यातले होते आणि ते स्वतःला समीक्षक समजत. त्यांनी खर्डा वाचून चष्मा काढला. "यात संघर्ष कुठाय? सून डबा देते, सासरा खातो, संपलं. ही कथा आहे की कॅन्टीनचा मेनू?"

तिसरे म्हणाले, "आणि सून इतकी चांगली? वाचक म्हणेल, लेखकाला मुलीचं लग्न जमवायचंय."

आम्ही तिघंही हसलो. मग समीक्षक सहज बोलून गेले, "सून पाठवते असं आहे ना? सून घालवते असं करून बघा."

मी ते करून बघितलं. खोटं कशाला सांगू, कथा चटकन उभी राहिली. लिहिणाऱ्याला ती घटका ओळखता येते. वाक्यं आपोआप एकामागून एक येतात आणि पात्रं कोपऱ्यातून उठून मध्यभागी येतात. सुनेला क्वार्टरचं कारणही आयतं मिळालं. निवृत्तीनंतर घर कोणाचं, ही भीती टाउनशिपमधल्या प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसाच्या पोटात होती, माझ्याही होती. ती सगळी मी त्या पोरीच्या अंगावर घातली. आणखी तीन खर्डे केले. नागपूरचं जबलपूर केलं, वाइंडिंगचं स्टोअर केलं, मुलाला मिशा दिल्या. डब्यात शिळ्या पोळ्या आणि लोणच्याची फोड घातली. कडी तुटली तरी घरात कोणी लक्ष देत नाही, म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच ट्यूब कापून पट्टा लावला, असं लिहिलं.

तो पट्टा मी बदलला नाही. बाकी सगळं बदलणाऱ्या माणसाला तेवढा बदलता आला असता. पण कथेत तेवढंच एक मी डोळ्यांनी पाहिलेलं आणि मापात बसलेलं होतं. इन्स्पेक्शनवाल्याला नेमक्या मापाचा मोह सुटत नाही.

शेवटचा खर्डा बायकोने स्वतः वाचला. "त्यांना दाखवलंत हे?"

"कथा आहे ती."

"कथा असेल. डबा तर त्यांचाच आहे ना?"

मी आंघोळीला गेलो.

गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी कथावाचन असायचं. आरतीनंतर सतरंज्या भरल्या. ते पहिल्या रांगेत येऊन बसले, दाढी करून, निवृत्तीची शाल खांद्यावर घेऊन. मागे बायकांच्या बाजूला त्यांची सून होती, हिरव्या रेशमी साडीत. कथावाचनाला कोणी रेशमी साडी नेसून येत नसे. आज हिच्याकडे काही कार्य आहे का, असा विचार मनात आला, आणि मी वाचायला सुरुवात केली.

मी चांगलं वाचतो. पट्ट्याच्या वाक्यापर्यंत हॉलमध्ये खोकलासुद्धा नव्हता. ते वाक्य आलं आणि तो डबा रोज पाहणाऱ्यांच्या माना मागे तिच्याकडे वळल्या. वळलेल्या माना मला व्यासपीठावरून दिसत होत्या. तिथे थांबता आलं असतं. कथा अर्धीच झाली आहे, उरलेली पुढच्या वर्षी, असं काहीतरी बोलून उतरता आलं असतं. मी आवाज थोडा आणखी खाली घेतला, कारण पुढचा परिच्छेद हळू आवाजात परिणाम करतो हे मला आरशासमोर वाचताना कळलं होतं.

टाळ्या खूप झाल्या. ते उठून जवळ आले. "चांगलं वाचलं जी," एवढंच म्हणाले. सून कधी उठून गेली ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुलियावर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं.

आमच्या दोन क्वार्टरमधली भिंत एक विटेची होती. माझी तेव्हा दुसरी पाळी होती, सकाळी मी घरी असायचो. भोंगा वाजला की भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. कोणीतरी उठून उभं राहिल्याचा. मग थोड्या वेळाने पुन्हा खुर्चीचा आवाज. हा आवाज मी जवळजवळ दोन वर्षं ऐकला. मग ते गेले.

त्या दोन वर्षांत ती कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं होतं की अशा सुनांना फोडून काढलं पाहिजे. ते पत्र मी जपून ठेवलं होतं, कौतुक म्हणून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून बायको एकदा गप्प गप्प आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती आली होती. वाण घेताना एकीनं सगळ्यांदेखत विचारलं, काय गं, सासऱ्यांना आज कुठे बसवून आलीस? बायका फिदीफिदी हसल्या. तिनं वाण घेतलं आणि निघून गेली."

मी पेपर वाचत होतो.

"अहो, मंडळात उभं राहून एकदा सांगा ना, की असं नव्हतं म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे."

"लेखकाने आपल्या कथेचं स्पष्टीकरण द्यायचं नसतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. पुढे तिने माझ्या कथा वाचणं हळूहळू सोडून दिलं. विचारलं की म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढलाय. पेपर मात्र रोज वाचायची. आता तिला जाऊनही सहा वर्षं झाली.

शेजारच्यांनी दुसऱ्या टोकाला क्वार्टर बदलून घेतलं आणि पुढे आनंद नगरला घर बांधलं. मी निवृत्त झालो. डब्याची कथा मंडळात दर काही वर्षांनी कोणीतरी वाचायचं. ती सून कोण हे नव्या मुलांना माहीत नव्हतं. जुन्यांना माहीत होतं, आणि ते खरं आहे असंच त्यांना वाटत होतं.

चिटणीस येऊन गेली त्यानंतरच्या रविवारी मी रिक्षाने आनंद नगरला गेलो. कथा पुन्हा छापायची तर परवानगी घ्यावी, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दार तिनेच उघडलं. साठी उलटलेली बाई, केस पांढरे, हाताला कणीक लागलेली. तिने मला लगेच ओळखलं.

"या भाऊजी. बसा. हात धुऊन येते."

मी स्मरणिकेचं सांगितलं. माफीचं वाक्य पाठ करून गेलो होतो, पण ते बाहेर पडण्याआधीच तिने विचारलं, "तुमच्या गोष्टीत डब्यात काय होतं?"

"शिळ्या पोळ्या. लोणचं."

"मी कधी शिळं दिलं नाही त्यांना." ती हे भांडल्यासारखं नाही बोलली. चुकीचा पत्ता दुरुस्त करावा तसं बोलली. "चाळीस वर्षं झाली, पण ते शिळ्या पोळ्यांचं मला अजून झोंबतं. पहाटे उठून करायची मी. तीन पोळ्या, भाजी, आणि वरच्या पुडात उन्हाळ्यात कांदा-कैरी. लू लागू नये म्हणून."

"माझं चुकलं, वहिनी. लोकांनी तुम्हाला जे बोलून घेतलं ते माझ्यामुळे."

"लोकांचं जाऊ द्या. लोक आधीही बोलत होते." ती दाराकडे पाहत पुढे म्हणाली, "बाबांनी दुसऱ्या दिवशी डबा घेतला नाही. म्हणाले, मी तिथं बसलो की तुझं नाव जाते. मी म्हटलं, जाऊ द्या. ऐकलं नाही. मी चार दिवस डबा भरून दाराशी ठेवला. पाचव्या दिवशी मीच बसून जेवले तो."

आतून नातवाला कोणी तरी हिंदीत दटावत होतं.

"त्या दिवशी मी हिरवी साडी नेसून आले होते. तुम्हाला आठवत नसेल."

"आठवते."

"लग्नातली होती. बाबाच म्हणाले, आज चांगलं नेसून चल. लेखकाने तुझ्यावर लिहिलंय, नीट लिहिलंय, मला शब्द दिलाय त्याने. लोकांना आज कळेल."

तिने चहा आणला. तो मी प्यालो, कारण नाही म्हणण्याचाही मला हक्क नव्हता. निघताना विचारलं, "कथा छापू नका म्हणून सांगू?"

"ते तुम्ही ठरवा, भाऊजी. मी कशाला सांगू? बाबांनी तुमच्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, ती काय होती ते तुम्हाला माहीत आहे."

घरी येऊन चिटणीसला फोन केला. कथा छापायची नाही, तिच्या जागी मी दुसरं काही देतो.

"अरे काका, लेकिन सगळ्यांना तीच आवडते. आणि ती तर काल्पनिक आहे ना? उसमें क्या?"

"नाही आहे. ते तू मागितलेल्या लेखात येईल. वाचून मग बोल."

नव्याने लिहिणाऱ्यांना गाइडन्स हवा होता. तर एवढं सांगतो. घडलेल्यात बदल करावाच लागतो, त्याशिवाय कथा होत नाही, आणि मी बदल केला याचं मला दुःख नाही. पण मी ज्याचं माप घेतलं तो जॉब कोणाचा होता हे मला माहीत होतं, त्याला शब्द दिला होता, आणि स्लिप भरली नाही. वर्षानुवर्षं जॉब तसाच पुढे पुढे जाऊ दिला. पहिला खर्डा माझ्या ट्रंकेत अजून असेल म्हणून दोन दिवस शोधला. सापडला नाही. बायकोला बरं वाटलेली ती एकच प्रत होती.

हा लेख लिहून झाल्यावर मी परत आनंद नगरला गेलो आणि तिला वाचून दाखवला. या वेळी छापण्याआधी. ती गहू निवडत ऐकत होती. छान म्हणाली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. मी तिच्याबद्दल दोन-चार मोठी विशेषणं घातली होती, ती तिने काढायला लावली. "एवढी काही चांगली नव्हते मी. कधी कधी ओरडायचीही त्यांच्यावर. पाय न धुता घरात यायचे." मी विशेषणं खोडली.

मग तिने आणखी एक दुरुस्ती सांगितली. ती मला लेखात वर कुठेच बसवता आली नाही, म्हणून इथे शेवटी लिहितो.

डब्याची कडी तुटली तेव्हा तो पट्टा त्यांनी लावला नव्हता. नवऱ्याच्या सायकलची जुनी ट्यूब घेऊन, विळीवर, तो तिने कापला होता.